धरलेल्या सड्यावरची वाट

तुमच्या घरी एखादा पाहुणा आला, पायातल्या वहाणा न काढता थेट देवघरात शिरला, आणि तुम्ही हटकल्यावर म्हणाला, 'त्याचे काय ते पैसे घ्या की', तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

उत्तर मनात धरून ठेवा, शेवटी लागणार आहे. प्रश्न माझा नाही. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका जैन शेतकरी घरातून आलेल्या आणि साताऱ्याच्या नियोजन कचेरीत नोकरी करणाऱ्या भूपाल मगदूमचा आहे. सभेत कोणी 'प्रवासी आले म्हणजे विकास आला' असं म्हणालं की तो हा प्रश्न विचारायचा आणि खाली बसायचा. दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली आणि मिरजेच्या दवाखान्यातच तो वारला. आता यापुढचं मी त्याच्याशी बोलणार आहे. तुम्ही नुसतं ऐका.

भूपाल, तुझ्या कचेरीतल्या शोकसभेला मी गेलो होतो. जन्म, शिक्षण, नेमणुका, सगळं वाचून झालं. तुला 'कर्तव्यदक्ष' म्हणाले. तू शेजारी असतास तर मला कोपरानं ढोसलं असतंस. मी मागच्या दारानं निघून आलो. मला तुझ्यावर बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. आपला वाद अर्धा राहिला आहे. अर्ध्या वादातून उठून जायची तुझी सवयच होती म्हणा. उन्हं कलली की तुझी नजर खिडकीकडे जायची, माझं वाक्य हवेत ठेवून तू डबा उघडायला निघून जायचास, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून ओठ पुसत परत यायचास. "हां, काय म्हणत हुतास?" या वेळी मी वाक्य हवेत धरून बसलोय. तू येत नाहीस.

तू पहिल्यांदा माझ्या साताऱ्याच्या छापखान्यात आलास तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तुझ्या हातात माझं पत्रक होतं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. माझ्या वडिलांनी बेचाळीसात गुळाच्या ढेपांखाली लपवून पत्रकं वाहिली. मला अक्षरओळख झाली तीही त्या पिवळ्या कागदांवर. त्यामुळे जगातल्या कुठल्याही अन्यायावर एक पत्रक असतं आणि ते लिहायचं राहिलंय एवढंच, अशी माझी समजूत होती. आमच्या वाडीवरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, मोटाररस्ता नेऊन, तळ्याकाठी विश्रामगृह बांधून तिथं 'दुसरं महाबळेश्वर' करायचा घाट कोणा शहरातल्या हॉटेलवाल्यानं घातला होता. मी लिहिलं, 'सडा विकणे नाही. हवाखाऊंनो, परत जा.' खाली तीन उद्गारचिन्हं.

"झ्याक लिवलंयस," तू म्हणालास. ओळख ना पाळख, सरळ अरेतुरे. "आणि मग?"

मी विचारलं, आणि मग काय?

"हवाखाऊ परत गेले. आणि मग? तुमच्या वाडीतली पोरं मुंबईला जायची थांबली का?"

मी तुला सरकारचा हस्तक म्हणालो. तू म्हणालास, व्हय, पगार घेतो, आणि शाईनं काळ्या झालेल्या बाकावर बसलास. त्या दिवसापासून 'आणि मग' हे दोन शब्द माझ्या मानगुटीवर बसले. मी काहीही लिहिलं, मोर्चाचं, गिरणीचं, धरणग्रस्तांचं, की ते दोन शब्द कागदाच्या तळाशी येऊन उभे राहायचे. आजही आलेत. आज मात्र विचारणारा नाही.

हे दोन शब्द तू कुठून आणलेस ते बऱ्याच दिवसांनी कळलं. दुष्काळात तुझी नेमणूक जतकडे होती. खडी फोडायची कामं निघाली होती, आणि एका माळावर बायका उन्हात रस्ता करत होत्या. एक म्हातारी तुला म्हणाली, साहेब, हा रस्ता कुठं जातो? तू नकाशा पाहिलास. रस्ता माळावर सुरू होत होता आणि माळावरच संपत होता. "तवापासनं रस्ता दिसला की इचारतो, बाबा, तू कुठं निघालास?" असं तू हसत सांगितलंस, पण तुझ्या तोंडावर हसू नव्हतं. आमच्या सड्यावरच्या रस्त्याचा कागद तुझ्या टेबलावर आला तेव्हा तू साहेबांना हेच विचारलंस. साहेब म्हणाले, वर जातो. तू म्हणालास, वर गेल्यावर?

आमचा सडा तुला मी दाखवला, पण मला तो तूच दाखवलास. लहानपणापासून मला एवढंच ठाऊक होतं की नागपंचमीला गाव सडा 'धरतं' आणि दसऱ्याला 'सोडतं'. धरलेल्या सड्यावर गुरं जात नाहीत, विळा चालत नाही, चाक चढत नाही. रोज एका घराची राखणीची पाळी असते. घरातला एक माणूस घोंगडी घेऊन वर बसतो आणि चुकलेलं शेरडू हाकतो. देवीचा कोप होतो म्हणून. मी कॉलेजात गेलो आणि या सगळ्याला अडाणीपणा म्हणायला शिकलो. तू मात्र कातळाच्या कडेला उकिडवा बसलास. बोटभर मातीत गेंद, सोनकी आणि सीतेची आसवं ही फुलं उभी होती, आणि त्यांच्या मुळांतून पाणी झिरपत खालच्या झऱ्याकडे चाललं होतं. त्याच झऱ्यावर आमची वाडी चैत्र-वैशाख काढते. तू कितीतरी वेळ हात न लावता बघत राहिलास.

"ह्यो कायदाच हाय की," तू म्हणालास. "तुमच्या लोकांनी केलेला. कुणाची सही न्हाई, शिक्का न्हाई, तरी चालतोय." मग म्हणालास, तुमच्यात आणि आमच्यात फरक नाही, पावसाळ्यात आमचे मुनी गाव सोडत नाहीत, हिरव्यावर पाय पडेल म्हणून. तुझ्या आईनं, तुझ्या अव्वांनी, लहानपणी तुझ्या पाठीत एकच धपाटा घातला होता, तो अभ्यासासाठी नव्हे, न बघता पाय टाकला म्हणून.

तुला माहीत नसेल, पण त्या दिवशी मी घरी येऊन माझ्या एका जुन्या लेखातली 'गावकऱ्यांच्या खुळचट चालीरीती' ही ओळ वाचली आणि पुन्हा तशी ओळ लिहिली नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस, म्हणून टाळलं. किती क्षुल्लक कारणांनी आपलं बोलायचं राहून जातं.

आपलं भांडण मात्र तिथूनच खरं पेटलं. मी म्हणत होतो, कुणीच येता कामा नये. आपण दोघं एका थंड हवेच्या गावी जाऊन आलो होतो, नाव कशाला घेऊ, तिथं एक बाई डोक्यावर हंडा घेऊन हॉटेलच्या हिरवळीच्या कडेनं चालली होती आणि हिरवळीवर फवारा उडत होता. मला आणखी पुरावा नको होता. पर्यटन हा भरल्या पोटाचा खेळ आहे, मी म्हणालो, तो बंद पाडला पाहिजे. परतीच्या एस.टी.त, वाईच्या अलीकडे तू तोंड उघडलंस.

"गिरणीतला माणूस वर्षातनं एकदा बायकापोरांस्नी घिऊन डोंगर बघाया आला, तर त्यो बी शत्रू व्हय रं? डोंगर बघावा असं काय फकस्त शेठलाच वाटतं?"

माझ्याच शस्त्रानं मला मारलंस. तू पुढं म्हणालास, लोक येणारच. कोणी यावं हे ठरवणं आपल्या हातात नाही. कुठं थांबावं, किती जणांनी यावं, कुणाच्या मागून चालावं आणि कुणाच्या घरी जेवावं, एवढं जर गावानं ठरवलं नाही तर ते दुसरा कुणी तरी ठरवील. आणि तो ठरवील तेव्हा ती हंडेवाली बाई त्या हिशेबात नसेल.

सुभेदारआबांच्या घरचं पहिलं जेवण आठवतं तुला? आबा म्हणजे माझे चुलते. पलटणीतून निवृत्त झाले तरी चालताना डावा-उजवा सोडला नाही असा माणूस. साताऱ्याचा साहेब पाहुणा येणार म्हणून त्यांनी बोकड पाडला, काकूंनी दिवसभर वाटण वाटलं, आणि ताट वाढेपर्यंत दिवे लागले. तू पाटावर बसून हात जोडलेस. म्हणालास, काकू, मी जैन, मटण तर चालत नाहीच, आणि दिवस मावळल्यावर भाकरीही नाही. मला तुझा राग आला. काकूंनी पदर तोंडाला लावला. आबा म्हणाले, "आवं, मग सांगायचं न्हाई व्हय? पलटणीत आमी समद्यांचं समदं सांभाळलंय." तू उपाशी झोपलास आणि सकाळी उन्हं आल्यावर आंबेमोहोराचा भात आणि ताक एवढं जेवलास की काकू हसायला लागल्या.

पुढच्या खेपेपासून तू येणार म्हटलं की आमच्या घरात दिवस माथ्यावरून कलला न कलला तोच चूल पेटायची. तुझ्यासाठी वेगळं शिजवायचं म्हणून नव्हे, सगळं घरच उन्हात जेवायचं. आबा कुरकुरायचे, "साहेबानं आमाला बी कोंबड्यांबरोबर जेवाया लावलं," आणि सगळ्यात आधी पाटावर बसायचे. एकदा तू त्या पाटावरच मला म्हणालास, बघ, माझा नेम या घरानं पाळला, का? मी पाहुणा म्हणून. मग पाहुण्यानं घराचा नेम पाळायला काय हरकत आहे? फक्त कुणीतरी त्याला तो सांगायला पाहिजे. मी माझा सांगितला नव्हता म्हणून त्या रात्री काकू रडल्या, असंही म्हणालास.

हे सगळं तुझं तत्त्वज्ञान होतं. सरकारी टिपणीत याला मोठमोठे शब्द असतील. तुझ्याकडे ते एका ताटात मावत होतं.

आणि तरी तुझ्याकडून सांगायचं राहिलंच. भादव्यात तू सांगलीचे काही शिक्षक आणि त्यांच्या घरची माणसं घेऊन आलास, पहिलीच चाचणी म्हणून. आबांना एवढाच निरोप धाडला होतास की पाहुणे येतायत, वाट दाखवायला माणूस द्या. निरोप पलटणीच्या माणसाला गेला होता, भूपाल. पाहुण्यांना डोंगरात नुसतं चालवायचं ही कल्पनाच आबांना सहन झाली नाही. त्यांनी वाडीतले सगळे निवृत्त जवान गोळा केले. धरलेल्या सड्यावर जायचं तर देवीची परवानगी हवी म्हणून कौल लावला, आणि उजवा, म्हणजे होकाराचा, मिळेपर्यंत लावत राहिले. मग वाट कुदळीनं सारखी केली, दोन्हीकडे दगडांना चुना फासला. वर तळ्याजवळची सगळ्यात ओली, सगळ्यात सपाट जागा खरवडून तिथं कनात उभी केली, खाली सतरंज्या घातल्या. ती जागा सपाट होती म्हणूनच तिथं पाणी साचायचं आणि पाणी साचायचं म्हणूनच तिथं सगळ्यात दाट फुलं असायची. ते आमच्या डोळ्यांना गवत होतं. पाहुण्याला गवतात कसं बसवायचं?

तू चढून वर आलास आणि थांबलास. मी तुझ्या मागं होतो. आबा छातीवर पदकं लावून कनातीच्या दारात उभे होते. त्यांनी तुला सलाम ठोकला. तू एक क्षण त्या उकरलेल्या मातीकडे पाहिलंस. मग पुढं होऊन आबांचे हात हातात घेतलेस आणि म्हणालास, "आबा, लय केलंसा आमच्यासाठी." शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले, काकूंच्या लाडवांचं कौतुक झालं. उतरताना तू मागं राहिलास. खिंडीत पोचल्यावर एका दगडाला टेकून तू रडलास. मी तुला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी तावातावानं बोलत होतो, बघ, हेच होतं, पाऊल पडलं की नाश, मी म्हणतच होतो. तू डोळे पुसलेस.

"गड्या, त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते दिलं. काय दिऊ नका हे सांगायचं माझ्याच्यानं राहिलं."

माझ्या त्या वेळच्या भाषेत या वाक्यासाठी जागा नव्हती. माझ्या भाषेत एक शोषक असतो, एक शोषित. प्रेमानं केलेल्या नासधुशीचं काय करायचं ते कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही.

पुढच्या भादव्यात सगळा सडा फुलला आणि कनातीच्या जागी टाकळ्याचं तण माजलं. हिरवागार, दणकट टाकळा, चौकोनी. लांबून दिसायचा. आबांची राखणीची पाळी होती त्या दिवशी ते तिथं पोचले. संध्याकाळी खाली आले, टोपी काढून हातात घेतली, पारावर बसले आणि म्हणाले, "त्यो आमच्या पाहुणचाराचा चट्टा हाय. ततं पुन्यांदा फूल आल्याबिगर वर काय बी बांधायचं न्हाई." तुझ्या सगळ्या बैठका, सगळी समजावणी एका बाजूला आणि ते एक वाक्य एका बाजूला. तू होतास तिथं. तुझ्याकडे बघून मी विचारलं, आणि मग? तू पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाल्यासारखा हसलास.

मग त्या पारावरच ते ठरत गेलं. मोटारी आणि एस.टी. खाली उंबराजवळ थांबतील. सड्यावर फक्त उघड्या कातळाच्या धारेनं, अनवाणी, एकामागं एक. पुढं त्या दिवशी ज्याच्या घरची राखणीची पाळी असेल तो, आणि त्यानं नको म्हटलं की नको. वर खाणं नाही, बसणं नाही, तोडणं नाही. जेवण खाली, घरात, पाळीनं एकेका ओळीच्या घरांत, दिवस मावळायच्या आत. शेवटची अट काकूंची होती. तू म्हणालास, ही कशाला? काकू म्हणाल्या, "असूं द्या की. बरं वाटतं उजेडात जेवलेलं."

मी त्यातही मोडता घातला, हे तुला आठवत असेलच. मला भीती होती आणि अजून आहे की आज गाव ठरवतंय, उद्या कचेरी ठरवील, परवा ठेकेदार. तू सरकारवर विश्वास ठेवायचास, मी नाही. तू म्हणायचास, खात्यातही माणसं असतात. मी म्हणायचो, माणसांची बदली होते. बघ, भूपाल. तुझी किती लांब बदली झाली.

हॉटेलवाला गप्प बसला नव्हता. त्यानं वाडीतल्या पोरांना नोकऱ्यांचा शब्द दिला. त्यात खोटं काय होतं? पोरांना काम हवंच होतं. ग्रामसभेच्या दिवशी तू मिरजेला खाटेवर होतास, म्हणून तुला तिथला आवाज ऐकू आला नाही. उंबराजवळ चहाचं दुकान टाकायची स्वप्नं बघणारा शंकर उभा राहिला आणि मला उद्देशून म्हणाला, तुमी साताऱ्यात ऱ्हाता, तुमचं पत्रक खाऊन आमची पोटं भरत्यात व्हय? सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तो खरं बोलत होता. रस्ता वर गेला तर एका वर्षात काम मिळेल, तो म्हणाला, तुमच्या अनवाणी वाटेनं कोण येणार हाय? शहरातला माणूस चप्पल काढील व्हय?

मी बोलायला उठणार होतो. माझ्याकडं वाक्यं तयार होती. आबांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. ते म्हणाले, शंकर बरोबर बोलतोय. कोण येणार हे आपल्याला ठाऊक नाही. एक हंगाम द्या. येत्या भादव्यात माणसं खाली उतरून, आपल्या रीतीनं वर गेली आणि आपल्या घरात जेवली, तर रस्त्याला नको म्हणायचं. कोणी आलंच नाही, तर मी स्वतः रस्त्याच्या कागदावर पहिला अंगठा देतो. "सही न्हाई, अंगठा. म्हंजी कळंल की सुभेदाराला लाज वाटली." मग शंकरनंच हात वर केला. एक हंगाम.

ही बातमी घेऊन मी मिरजेला आलो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. अव्वा पायाशी बसून गाळलेलं पाणी वाटीत धरून होत्या. मी सगळं सांगितलं, आबांचा अंगठाही. तू डोळे मिटून ऐकलंस. मला वाटलं झोपलास.

"आता तू लिव," तू म्हणालास. "पत्रक."

कसलं?

"या म्हणून."

मी म्हणालो, भूपाल, मला 'या' लिहिता येत नाही. मी 'चालते व्हा' लिहितो, 'बंद करा' लिहितो, 'हाणून पाडा' लिहितो. आमंत्रणाचं पत्रक असतं का कुठं? तू म्हणालास, मग शीक. तुला बोलायला त्रास होत होता, तरी मला गप्प बसवेना. ज्याची मला खरी भीती होती ते मी तेव्हा विचारलं. समज, मी लिहिलं. समज, लोकांनी ऐकलं. आणि सगळेच आले तर? रांग लागली तर? ती कातळाची धारसुद्धा झिजली तर?

तू एक डोळा उघडलास.

"मग तू हायसच की. येऊ नका लिवायला."

आणि हसलास, आणि हसण्यानं पोटात कळ आली, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. दारातून मी म्हणालो, हे उत्तर नाही, याचं नीट उत्तर दे, बुधवारी येतो. तू हात हलवलास. बुधवारी मी आलो तेव्हा खाट धुऊन उन्हात उभी केली होती.

तुला कृष्णाकाठी नेलं. सगळं उजेडात उरकायचं म्हणून माणसं घाई करत होती. मला तेवढ्यातही वाटून गेलं की हा आता डबा खायला उठेल. नदीला पाणी कमी होतं. तुझ्या कचेरीतले लोक मोटारींजवळ घोळका करून उभे होते, मी एका बाभळीखाली. मला रडता आलं नाही. मला फक्त तुझा राग येत होता. एवढा अवघड प्रश्न माझ्या हातात देऊन कुणी जातं का?

काही दिवसांनी अव्वांना भेटायला गेलो. त्या ज्वारी निवडत होत्या. खडा दिसला की बाजूला, किडा दिसला की सुपाच्या कडेनं अलगद अंगणात. मला म्हणाल्या, "काय हाय वो तुमच्या डोंगरावर? सुट्टी मिळाली की घरला यायचं सोडून तिकडंच पळायचा." मी सांगायला लागलो. फुलं म्हणालो, झरा म्हणालो, आबा, काकू, चट्टा. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी तुझ्याच शब्दांत बोलतो आहे. अव्वांनी सूप खाली ठेवलं. मी सावरेपर्यंत थांबल्या.

"पावसाळ्यात आमी हिरव्यावर पाय ठेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर कातळावरनंच जायचं आसंल, तर मी यीन. त्यानं काय बघितलं ते बघीन एकदा."

भूपाल, आमच्या घरात अजून उन्हं कलताच चूल पेटते. तू येणार नाहीस हे काकूंना माहीत आहे. आबा कुरकुरत नाहीत आता. जेवून झालं की ते पायरीवर बसून सड्याकडे बघतात आणि मला विचारतात, लिवलं का? मी म्हणतो, लिहितोय. तुझ्याशिवाय लिहायला वेळ लागतो. कागदाच्या तळाशी ते दोन शब्द येऊन उभे राहतात, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी मला तू हवा असतोस. तुझं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. सगळेच आले तर काय, याचं उत्तर तू दिलं नाहीस. ते मी शोधत राहीन, जन्मभर, आणि सापडलं की तुला सांगायला कृष्णाकाठच्या त्या बाभळीखाली येईन. पण एक हंगाम मी तुझ्या बाजूनं उभा राहणार आहे. माझ्या हयातीतलं हे पहिलं पत्रक, ज्यात 'या' असा शब्द आहे.

तर, वाचकहो. सुरुवातीचा प्रश्न आठवतो? देवघरात वहाणा घालून शिरणाऱ्याला तुम्ही जे म्हणाला असतात, ते आमच्या वाडीला तुम्हाला म्हणावं लागू नये. येत्या भादव्यात या. मोटारीनं या, एस.टी.नं या, पण उंबराजवळ उतरा. कोणी थेट वर नेतो म्हणालं, तर नको म्हणा. वहाणा उंबराखाली ठेवा. ज्याची पाळी असेल त्याच्या मागून, कातळाच्या धारेनं, एकामागं एक चाला. वाटेत टाकळ्याचा एक चौकोन दिसेल, तिथं क्षणभर थांबा. मग खाली या आणि काकूंच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवा. वाट कळणार नाही अशी भीती बाळगू नका. तुमच्या पुढं पांढऱ्या पातळातली एक म्हातारी असेल, पावलागणिक खाली बघत चालणारी. ती जिथं पाय ठेवील तिथंच तुम्ही ठेवा.